आधीचा आकडा कुणाकडे आहे? गोंदियाचा तलाव ते अंटार्क्टिकाचा बर्फ

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी खास.)

आजचा विषय आहे अंटार्क्टिका. पण सुरुवात करतो आमच्या गावच्या ग्रामसभेपासून. थोडं थांबा, संबंध आहे.

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला. शिक्षण बीटेक, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो, तेव्हा ग्रामसभेत आमच्या मामा तलावावरून भांडण पेटलं. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, मामा म्हणजे आईचा भाऊ नाही. माजी मालगुजारी तलाव, त्याचं हे छोटं रूप. आमच्या भागात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या असे तलाव बांधले, धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून. पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि नावात 'माजी' लागलं.

भांडण असं होतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरकतं आणि जी गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात लोक गाळपेर करतात. म्हाताऱ्यांचं म्हणणं, 'पूर्वी पोळ्याच्या वेळी पाणी पार वडापर्यंत यायचं, आता अर्ध्यातही येत नाही. तलाव गाळाने भरला, वरून लोक आत सरकले.' ज्यांची गाळपेर होती ते म्हणाले, 'वडापर्यंत पाणी कधी आलंच नाही. कोणी पाहिलं? लिहिलंय कुठं?'

आणि खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. कागदावर तलावाचं क्षेत्र होतं. पाणी कोणत्या वर्षी कुठवर आलं, हे नव्हतं. सभा संपली, चहा झाला, सगळे घरी गेले.

मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. कारण तो आकडा एका माणसाकडे होता. माझ्या आजोबांकडे. तलावाच्या तुडुमाजवळ, म्हणजे जिथून पाणी सोडतात तिथे, दगडी पायऱ्या आहेत. आजोबा दर वर्षी पोळ्याच्या दिवशी किती पायऱ्या पाण्याखाली आहेत ते मोजायचे आणि घरातल्या कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकोनात लिहायचे. मी लहान असताना एकदा विचारलं, 'रोज वेगवेगळ्या ठिकाणी मोजलं तर?' ते म्हणाले, 'नाही बाबू, दगड तोच पायजे.'

आजोबा गेल्यावर ती वीसेक वर्षांची कॅलेंडरं माळ्यावर पडून होती. मी अकरावीत असताना ती रद्दीत विकली. मोबाईलचा रिचार्ज मारायला. म्हणजे ग्रामसभेत जो पुरावा हवा होता, तो मीच किलोच्या भावाने विकला होता.

आजचा भाग त्या अपराधी भावनेतून आलाय. एखादी गोष्ट कमी होतेय हे सांगायला आधीचा आकडा लागतो. मग जगातला सर्वात मोठा बर्फाचा साठा कमी होतोय, हे माणसाला कळलं कसं? तिथे पहिला दगड कोणी रोवला?

धानाच्या गोदामातले तीन हिशोब

आधी कोडं समजून घेऊ. अंटार्क्टिकावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. काही ठिकाणी चार किलोमीटरच्याही वर. तो सगळा वितळला तर जगभरातल्या समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटरने वाढेल. ग्रीनलँडचा वितळला तर साधारण ७ मीटरने. आता एवढा बर्फ यंदा किती घटला, हे मोजायचं कसं?

माझे मामा (हे आईचे भाऊ) गोंदियात एका राईस मिलमध्ये मुनीम होते. गोदामात धान किती उरलं हे काढायच्या तीन पद्धती त्यांनी मला सांगितल्या होत्या. पहिली, गेटवरचं रजिस्टर: आवक किती, जावक किती, वजा करा. दुसरी, ढिगाची उंची मोजा. तिसरी, सगळा माल धर्मकाट्यावर चढवा.

तिन्ही पद्धतींत भानगडी आहेत. रजिस्टरमध्ये एक नोंद चुकली की हिशोब कोलमडतो. ढीग आपल्याच भाराने दबतो, त्यामुळे एक दाणाही बाहेर न जाता उंची कमी दिसते. आणि काट्यावर जे चढतं त्यात धानाबरोबर ट्रकचंही वजन असतं, ते वजा करायला विसरलात तर संपलं.

बर्फाच्या बाबतीत शास्त्रज्ञांकडे याच तीन पद्धती आहेत. चौथी नाही. पडलेला हिम वजा समुद्रात गेलेला बर्फ, ही पहिली. बर्फाच्या पृष्ठभागाची उंची, ही दुसरी. आणि थेट वजन, ही तिसरी. गंमत म्हणजे भानगडीही त्याच. आता इतिहासात जाऊ.

१९३०: बर्फाच्या मधोमध एक खड्डा

खंड सरकतात हा सिद्धांत मांडणारे आल्फ्रेड वेगेनर शाळेत आपण ऐकलेत. पण वेगेनर यांचं मोठं काम ग्रीनलँडच्या बर्फावरही होतं. १९३० साली त्यांच्या जर्मन मोहिमेने किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या मधोमध एक ठाणं उभारलं. नाव आइसमिट्टे. जर्मनमध्ये अर्थच 'बर्फाचा मध्य'.

तिथे रसद पोचवायला वेगेनर स्वतः गेले. परतीच्या वाटेवर नोव्हेंबर १९३० मध्ये ते आणि त्यांचे ग्रीनलँडचे सोबती रासमुस व्हिलुमसेन, दोघेही गेले. ठाण्यावर योहानेस गेऑर्गी, एर्न्स्ट सोर्गे आणि फ्रिट्झ लोव्हे अशी तीन माणसं हिवाळाभर बर्फात खोदलेल्या खोलीत राहिली. लोव्हे यांची पायाची बोटं हिमदंशाने गेली होती, ती सोबत्यांनी खिशातल्या चाकूने कापली.

अशा अवस्थेत सोर्गे काय करत होते? हाताने खड्डा खणत होते. १५ मीटर खोल. प्रत्येक थरातला बर्फ काढून त्याची घनता मोजत होते. वर भुसभुशीत हिम, खाली जाल तसा दबून घट्ट झालेला. मामांचा ढीग दबतो तो हाच प्रकार. आज उपग्रहाने 'उंची इतकी कमी झाली' असं सांगितलं, तर त्यातलं किती दबल्यामुळे आणि किती खरंच गेलं, हे वेगळं काढावंच लागतं. त्या हिशोबाची सुरुवात सोर्गेंच्या खड्ड्यात आहे. त्याच मोहिमेने बर्फावर स्फोट करून, तळाशी आपटून परत येणाऱ्या लहरी मोजून बर्फाची जाडीही काढली. आकडा आला अडीच किलोमीटरच्या वर.

पुढे स्फोटांची जागा रेडिओ लहरींनी घेतली. बर्फ रेडिओ लहरींना बराच पारदर्शक असतो, त्यामुळे रडारचे उंचीमापक बर्फावर चुकीचे आकडे दाखवायचे. १९५७ साली अमेरिकी लष्करातले इंजिनिअर एमरी वेट यांनी दाखवून दिलं की ही चूक नाही, ही तर जाडी मोजायची पद्धत आहे. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे फार आवडतं. बग म्हणून टाकून दिलेल्या आकड्यात माहिती निघाली.

१९८१: गोव्याहून निघालेलं जहाज

आता आपल्याकडे येऊ. ६ डिसेंबर १९८१. गोव्याहून 'पोलर सर्कल' नावाचं भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज निघालं. २१ जणांची तुकडी, नेते डॉ. सय्यद झहूर कासिम. ९ जानेवारी १९८२ ला भारतीयांनी अंटार्क्टिकावर पाय ठेवला. २१ फेब्रुवारीला जहाज गोव्यात परत.

दुसऱ्या मोहिमेचे नेते होते व्ही. के. रैना, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हिमनदीतज्ज्ञ. म्हणजे बर्फ वाचणारा माणूस सुरुवातीपासूनच तिथे होता. तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४ मध्ये, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं भारतीय ठाणं उभं राहिलं. याच मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, औंधच्या अप्पासाहेब पंतांच्या त्या कन्या. आम्हा गोंदियावाल्यांसाठी नागपूर म्हणजे रेल्वेने दोनेक तासांवरचं शेजारगाव, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता नीट ऐका. दक्षिण गंगोत्री ठाणं बांधलं होतं समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफळीवर. हिमफळी म्हणजे जमिनीवरून वाहत आलेला बर्फ जो समुद्रावर पसरून तरंगतो. तिथे दर वर्षी हिम साचत गेलं आणि ठाणं हळूहळू बर्फाखाली गेलं. १९९० मध्ये ते बंद करावं लागलं. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाला काय वाटलं असतं? 'बर्फ वाढतोय!' डोक्यावर बर्फ चढतोय, खिडक्या बुजतायत. डोळ्यांनी तेच दिसणार. पण एका जागी साचणं म्हणजे सगळा खंड वाढणं नव्हे. एखाद्या वर्षी सांडव्यावरून पाणी वाहिलं म्हणून तलावातला गाळ निघून गेला, असं होत नाही ना.

१९८९ पासून नवं ठाणं आलं, 'मैत्री'. ते खडकावर आहे, शिर्माखेर ओअॅसिस नावाच्या बर्फमुक्त पट्ट्यात. हा पट्टा जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा, आणि त्यात शंभरहून जास्त तळी! मी हे वाचलं तेव्हा हसूच आलं. तलावांचा जिल्हा म्हणून आम्ही मिरवतो, तर भारताचं ठाणंही तलावांच्याच गावात. तिसरं ठाणं 'भारती' २०१२ मध्ये लार्समन हिल्सवर सुरू झालं.

खडकावरच्या खुणा

शिर्माखेरच्या दक्षिणेकडून बर्फाचं प्रचंड पठार सुरू होतं. त्या पठाराची एक छोटी जीभ खडकांमध्ये खाली उतरते. तिचं नाव दक्षिण गंगोत्री हिमनदी. ठाण्याचं नाव तेच असल्याने घोळ होतो, पण ठाणं वेगळं, हिमनदी वेगळी.

१९८३ पासून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी या जिभेच्या टोकावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. पद्धत ऐकाल तर विश्वास बसणार नाही. समोरच्या खडकावर पक्क्या खुणा करायच्या. दर उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, जायचं आणि प्रत्येक खुणेपासून बर्फाचं टोक किती लांब आहे ते मोजायचं. १९९६ पासून हे काम जास्त शिस्तीत, ठरलेल्या बिंदूंवरून चालू झालं.

दगड तोच पायजे.

निष्कर्ष काय? टोक मागे सरकतंय. पण किती? वर्षाला सरासरी एक मीटरहूनही कमी. बातमीत याचा मथळा होणार नाही. एखाद्या वर्षी तर फरक इतका कमी की मोजणाऱ्याला वाटावं, कशाला आलो आपण? पण अशा बारीक आकड्यांची ओळ दशकं चालली की तिला वजन येतं. २००५ साली अंटार्क्टिक कराराच्या देशांनी ही जागा खास संरक्षित क्षेत्र म्हणून मान्य केली, क्रमांक १६३. हेतू असा की तिथली मोजणी इतर वर्दळीने बिघडू नये.

आणि या सगळ्या मोहिमांचं मुख्यालय कुठे आहे माहितीय? गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सडा भागात, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. जिथे आपण सुट्टीत मासे खायला जातो, तिथून थोड्या अंतरावर.

वरून पाहणारे डोळे

पण एका जिभेचं टोक म्हणजे अख्खं अंटार्क्टिका नाही. तो खंड भारताच्या चौपट मोठा आहे. मग दुसरी पद्धत आली: आकाशातून उंची मोजणं.

उपग्रह रडारची लहर खाली सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची निघते. १९९० च्या दशकापासून हे नियमित सुरू आहे. अडचण अशी की नेहमीची रडार लहर भुसभुशीत हिमात काही मीटर शिरते, त्यामुळे 'पृष्ठभाग' नक्की कुठला हा प्रश्न येतो. २५ फेब्रुवारी २०१३ ला श्रीहरिकोट्याहून 'सरल' नावाचा भारत आणि फ्रान्सचा उपग्रह गेला. त्यावरचं 'अल्टिका' उपकरण जास्त वारंवारतेची लहर वापरायचं, ती हिमात कमी शिरते. मुख्य काम समुद्राचं होतं, पण बर्फवाल्यांनाही त्याचा उपयोग झाला. अमेरिकेने लेझर वापरला: पहिला आइससॅट २००३ ते २००९, दुसरा सप्टेंबर २०१८ पासून.

युरोपच्या क्रायोसॅटची गोष्ट सांगायलाच हवी. फक्त बर्फासाठी बनवलेला हा उपग्रह ८ ऑक्टोबर २००५ ला उडाला आणि रॉकेटच्या बिघाडाने समुद्रात पडला. कित्येक वर्षांचं काम काही मिनिटांत गेलं. त्यांनी तोच उपग्रह पुन्हा बांधला आणि ८ एप्रिल २०१० ला पाठवला. मधली ती साडेचार वर्षं मात्र परत आली नाहीत. २००६ चा बर्फ २०१० मध्ये मोजता येत नाही.

आणि ३० जुलै २०२५ ला गेलेला 'निसार', आपल्या इस्रोचा आणि नासाचा. त्याचं रडार बारा-बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहतं आणि बर्फ किती वेगाने वाहतोय ते सांगतं. मामांच्या भाषेत, गेटवरची जावक.

जावक महत्त्वाची का? २००२ च्या सुरुवातीला लार्सन बी नावाची हिमफळी महिनाभरात फुटली. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठा तुकडा. ती आधीच पाण्यावर तरंगत होती, त्यामुळे ती फुटल्याने समुद्र जवळजवळ वाढला नाही. पण तिच्या मागच्या हिमनद्या वेगाने वाहू लागल्या. तरंगती फळी म्हणजे पाळ होती. पाळ फुटली की मागचं थांबत नाही, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

धर्मकाटा आणि हिंगणघाटची समाधी

आता तिसरी पद्धत, माझी सर्वात लाडकी. वजन.

१७ मार्च २००२ ला 'ग्रेस' नावाचे दोन जुळे उपग्रह गेले, अमेरिका आणि जर्मनीचे. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून. त्यांच्याकडे खाली बघणारा कॅमेरा नव्हता. ते फक्त एकमेकांमधलं अंतर मोजत राहायचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात. खाली जास्त वस्तुमान आलं की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो, अंतर वाढतं. मग मागचा ओढला जातो, अंतर कमी होतं. या मागेपुढे होण्यावरून दर महिन्याला पृथ्वीचा गुरुत्वाकर्षणाचा नकाशा बनतो. दोन महिन्यांचे नकाशे वजा केले की कुठलं वजन कमी झालं ते कळतं.

याच उपग्रहांनी २००९ साली भारतालाही धक्का दिला होता. राजस्थान, पंजाब आणि हरियाणाच्या जमिनीखालून २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालं, असं त्यांच्या आकड्यांवरून निघालं. विहिरीत दोर न टाकता! त्या अभ्यासातल्या एक शास्त्रज्ञ इझाबेला वेलिकोन्या याच ग्रेसवरून अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडचं वजनही काढत होत्या. काटा एकच, माल वेगळा.

पण ट्रकचं वजन वजा करायचं विसरू नका म्हटलं होतं ना? इथे ट्रक म्हणजे खालची जमीन. हिमयुगात बर्फाच्या भाराने जमीन खाली दबली. भार कमी झाल्यावर ती हळूहळू वर येते, आजही येतेय. ग्रेसला खालचा दगड वर आला की बर्फ वाढला, हे वेगळं कळत नाही. दोन्ही वजनच. त्यामुळे जमिनीची हालचाल गणिताने वजा करावी लागते, आणि अंटार्क्टिकाच्या आकड्यातली सर्वात मोठी अनिश्चितता इथूनच येते.

जमीन अशी तरंगल्यासारखी वरखाली होते, ही कल्पना आली कुठून? उत्तराची एक वाट आमच्या विदर्भातून जाते.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळून भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. वीस वर्षं मोजत मोजत ते उत्तरेकडे सरकले आणि हैदराबादहून नागपूरला जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची समाधी आजही वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं. त्यात एक चूक सापडली. कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कल्याणा या दोन ठिकाणांमधलं अंतर ताऱ्यांवरून काढलं तर एक यायचं आणि जमिनीवर मोजलं तर दुसरं. फरक ५.२ सेकंदांचा, म्हणजे एका अंशाच्या हजार भागांपैकी दीड भागाएवढा.

कोणी म्हणालं, हिमालय ओळंबा स्वतःकडे ओढतोय. १८५५ मध्ये कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी गणित केलं: हिमालयाच्या आकाराप्रमाणे फरक जवळपास १६ सेकंद यायला हवा होता. म्हणजे हिमालय दिसतो त्यापेक्षा कमी ओढत होता! इंग्लंडच्या जॉर्ज एअरी यांनी सांगितलं, डोंगराखाली हलक्या दगडाचं खोल मूळ असतं, डोंगर त्यावर तरंगतो, पाण्यात लाकूड तरंगतं तसा. भार टाकला की खाली, काढला की वर.

आज ग्रेसच्या आकड्यांतून दबलेल्या जमिनीचं वजन वजा करतात ते याच कल्पनेवर. लॅम्बटन यांनी बर्फाचा विचार स्वप्नातही केला नसेल. पण त्यांनी मोजलं, लिहून ठेवलं, आणि न जुळणारे ५.२ सेकंद पुढच्यांनी रद्दीत टाकले नाहीत.

मग उत्तर काय आलं?

२०१८ मध्ये ८० हून अधिक शास्त्रज्ञांनी तिन्ही पद्धतींचे निकाल एकत्र ठेवले. उत्तर: १९९२ ते २०१७ या काळात अंटार्क्टिकाने सुमारे २,७२० अब्ज टन बर्फ गमावला. चुकीला वाव अधिक-उणे १,३९० अब्ज टनांचा. एक अब्ज टन पाणी म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद आणि एक किलोमीटर खोल तलाव. असे २,७२०. समुद्र त्यामुळे ७.६ मिलिमीटर वाढला.

'एवढंच?' असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण वेग बघा. पश्चिम अंटार्क्टिकाची घट वर्षाला ५३ अब्ज टनांवरून १५९ अब्ज टनांवर गेली. पंचवीस वर्षांत तिप्पट. ग्रीनलँडचा हिशोब वेगळा, तिथली घट अंटार्क्टिकापेक्षाही जास्त आहे.

आणि पूर्व अंटार्क्टिका, जिथे आपली मैत्री आणि भारती आहेत? तिथे उत्तर आलं वर्षाला अधिक ५, पण चूक अधिक-उणे ४६. म्हणजे वाढतोय की घटतोय, ठामपणे सांगता येत नाही. व्हॉट्सअॅपवर कोणी 'बघा, बर्फ वाढतोय, सगळं खोटं आहे' असं पाठवलं, तर ही ओळ आठवा. आणि 'सगळं संपलं' असं पाठवलं, तरी हीच आठवा.

उपग्रहाला मैत्रीसमोरची ती बर्फाची जीभ दिसत नाही. ग्रेसची नजर सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यांची, शिर्माखेर ३५ चौरस किलोमीटरचं. तिथे आजही खडकावरची खूण आणि माणूसच लागतो. आणि त्या माणसाला अख्ख्या खंडाचं वजन कळत नाही. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

फट

ग्रेसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. उपयोगाची मोजमापं २०१७ च्या मध्यात थांबली. त्यांची जागा घेणारे ग्रेस-फॉलोऑन २२ मे २०१८ ला उडाले. मध्ये जवळपास वर्षभराची फट. ती बुजवायला शास्त्रज्ञांनी इतर उपग्रहांचे आकडे लावून बघितले, गणितं केली. जोडता येतं. पण जोडलेलं ते जोडलेलंच.

माझ्या रोजच्या कामातही हेच. सर्व्हर मंदावला की पहिला प्रश्न, 'काल किती होता?' कालचं लॉग नसेल तर बाकी सगळी चर्चा म्हणजे ग्रामसभा.

आमच्या तलावाची फट वर्षभराची नाही, वीस-पंचवीस वर्षांची आहे, आणि तिच्यात माझा हात आहे. ती गणिताने बुजणार नाही. आजोबांनी शेवटचा आकडा कोणता लिहिला होता, तेही मला आठवत नाही. त्यांच्या हातचं अक्षर आठवतं, आकडा नाही.

ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि माझा चुलतभाऊ तुडुमाजवळ गेलो. पायऱ्यांवर शेवाळ आणि प्लास्टिक. अर्धा दिवस घासल्या. एकूण चौदा निघाल्या, खालच्या दोन गाळात. आम्ही ऑइलपेंटने प्रत्येकीवर आकडा टाकला. तेवढ्यात गाळपेर करणाऱ्यांपैकी एक काका आले. मला वाटलं, आता वाद होणार. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'अबे, वरून नको मोजू, खालून मोज. वरच्या पायऱ्या उद्या कोणी काढून नेईल.' आम्ही सगळे आकडे पुसून खालून टाकले.

पोळ्याला भावाने पहिला फोटो पाठवला. नऊ पायऱ्या पाण्याखाली. या नऊ आकड्यावरून आज काहीच सिद्ध होत नाही. वड कोणाचा खरा, हेही नाही. फोटो मी तीन ठिकाणी साठवलाय, आणि कॅलेंडरवर पेनानेही लिहिलंय.

तर मंडळी, तुमच्या गावात, घरात, कोणाच्या तरी जुन्या वहीत असा एखादा आकडा असेल. विहिरीचा, पावसाचा, नदीच्या पुराचा. रद्दीवाला यायच्या आधी एकदा उघडून बघा, आणि काय सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातले काही आपण वाचून दाखवू.

भेटू. तोवर, राम राम!